चेअरमनसाहेब, ती पाटी कुणाची?

प्रति,
महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांचे अध्यक्ष, सचिव आणि कमिटीचे सभासद यांस,



विषय लिफ्टचा आहे. लिफ्ट बंद पडत नाही, मध्येच अडकत नाही, वार्षिक तपासणीचा कागदही आत लावलेला आहे. एवढं आधीच सांगते, नाहीतर हे पत्र मेंटेनन्सच्या ठेकेदाराकडे जायचं. तक्रार आहे ती लिफ्टशेजारच्या भिंतीवर लॅमिनेट करून चिकटवलेल्या पाटीबद्दल. शब्द सोसायटीगणिक थोडे बदलतात, साचा एकच. आमच्याकडचा मजकूर असा आहे: ‘घरकाम करणाऱ्या महिला, डिलिव्हरी बॉय, पाळीव प्राणी, फर्निचर व बांधकाम साहित्य यांनी कृपया सर्व्हिस लिफ्टचा वापर करावा. उल्लंघन केल्यास दंड आकारण्यात येईल. आदेशावरून.’ फर्निचरला केलेली विनंती वाचून पहिल्यांदा हसू आलं होतं. शेवटच्या शब्दावर मात्र मी अजून अडकलेली आहे. आदेश कुणाचा?

मी ठाण्यात ज्या सोसायटीत राहते तिथे ही पाटी कोरोनाच्या पहिल्या वर्षी लागली. साथ गेली, सॅनिटायझरचा स्टँड गेला, कपाळावर रोखायची ती तापमानाची पिस्तुलं गेली. पाटी राहिली. जुनी पिवळी पडली म्हणून मध्ये एकदा नवी छापून आणली, तेव्हा दंडाची ओळ वाढली.

सकाळी साडेसात ते नऊ या वेळात एकदा लॉबीत उभे राहा. पुढच्या दोन लिफ्टना आरसा आहे, पंखा आहे, स्टीलच्या भिंती आहेत. सर्व्हिस लिफ्ट जिन्याच्या मागे, कचऱ्याच्या खोलीला लागून. सोफे घासून खराब होऊ नये म्हणून तिला आतून प्लायवूड मारलेलं, आणि त्या प्लायवूडला कायमचा ओला वास. नेमका त्याच वेळी हाउसकीपिंगचा मुलगा निळा ड्रम घेऊन बाविसाव्या मजल्यावरून निघतो. प्रत्येक मजल्यावर लिफ्ट थांबवून दारांबाहेरच्या पिशव्या ड्रममध्ये टाकत तो खाली येतो. खाली आठ-दहा बायका उभ्या. कुणी शेअर रिक्षाने आलेली, कुणी दोन बस बदलून. एकीचा गुडघा धरलेला, म्हणून जिना नको. तिला सातव्या मजल्यावर पोळ्या, अकराव्यावर भांडी, मग शेजारच्या विंगमध्ये झाडू-लादी. खाली दहा मिनिटं गेली की सगळा दिवस दहा-दहा मिनिटांनी मागे सरकत जातो. तोवर पुढच्या दोन लिफ्ट अर्ध्या रिकाम्या खाली-वर करत असतात. ड्रम येतो, उतरतो, त्याने सांडलेलं पाणी ओलांडून बायका आत शिरतात. सातव्या मजल्यावर दार उघडतं आणि पहिलं वाक्य येतं, ‘आजपण उशीर?’

पाटीच्या समर्थनाला तीन कारणं दिली जातात. सुरक्षा, स्वच्छता, गर्दी. जिच्या हाती घराची किल्ली देऊन आपण ऑफिसला जातो, जिच्या कडेवर सहा महिन्यांचं मूल देतो, ती आरशाच्या लिफ्टमध्ये शिरली की कुठला धोका उत्पन्न होतो ते मला कळलेलं नाही. कॅमेरे सगळ्या लिफ्टमध्ये आहेत. स्वच्छतेबद्दल न बोललेलंच बरं. ती आपल्याकडे कोण ठेवतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. गर्दीचं कारण त्यातल्या त्यात प्रामाणिक. पण मग नियम सामानाचा करा. सोफा, सिमेंटच्या गोण्या, कचऱ्याचा ड्रम मागून न्या, कुणाची हरकत नाही. मोठी लिफ्ट इमारतीत हवीच, कधी स्ट्रेचर न्यावं लागतं. तुमची पाटी मात्र वाटणी करते ती वजनाची नाही. पाच किलो तांदूळ घेऊन आलेला रहिवासी पुढून जातो, तोच पाच किलो तांदूळ घेऊन आलेला डिलिव्हरीवाला मागून.

ही तिन्ही कारणं संपली की खरं वाक्य बाहेर येतं, आणि फार सभ्यपणे येतं. ‘मला स्वतःला काही नाही हो, पण मेंबर्सना चालत नाही.’ हे मला चेअरमननी सांगितलं. मग ओळखीच्या मेंबर्सना विचारलं. ते म्हणाले, ‘आमचं काही म्हणणं नाही, कमिटीचा नियम आहे.’ कमिटीतले एक गृहस्थ म्हणाले की एजीएमचा ठराव आहे, आता आमच्या हातात काही नाही. वॉचमनला विचारण्यात अर्थ नव्हता, त्याच्या पोटाचा प्रश्न आहे. थोडक्यात, आमच्या एवढ्या मोठ्या सोसायटीत ज्याला ‘चालत नाही’ असा एकही माणूस मला सापडला नाही. पाटी तरीही आहे.

‘मेंबर्सना चालत नाही’ या वाक्याला आपल्याकडे इतिहास आहे. १९१७ साली डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकून, लंडनमधला अभ्यास अर्धा ठेवून बडोद्याला आले. गायकवाड सरकारच्या शिष्यवृत्तीचा करार होता, त्यामुळे संस्थानात नोकरी करणं भाग होतं. राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी पथिकाश्रमात, तिथल्या रखवालदाराशी बोलून, पारशी नावाने ते राहिले. काही दिवसांनी हातात काठ्या घेतलेली माणसं आली आणि संध्याकाळच्या आत जागा खाली करायला सांगून गेली. बडोद्यात आंबेडकरांचे दोन मित्र होते, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. हिंदू मित्राला ऐकून फार वाईट वाटलं. पण तो म्हणाला की तुम्ही माझ्या घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, बायको उद्या येणार आहे, तिला विचारावं लागेल. आंबेडकर एका सार्वजनिक बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला निघाले. पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत त्यांनी हे लिहून ठेवलं.

हा प्रसंग सांगताना आपण बहुधा काठ्यांपाशी थांबतो. काठीवाल्यांनी निदान आपलं म्हणणं आपल्या तोंडाने सांगितलं. मला जास्त विचार करायला लावतात ते दोन मित्र. दोघांनी अपमान केला नाही, दोघे खोटंही बोलले नसतील. नोकर खरोखर गेले असते, बायको खरोखर नाही म्हणाली असती. पण ज्या नोकरांना एरवी कुणी कसलंच मत विचारत नव्हतं त्यांचं मत त्या दुपारी एकदम घरात सर्वांत वजनदार झालं, आणि जी बायको अजून गावात आलेलीही नव्हती तिचा नकार तिच्या आधी येऊन पोचला. समोर एक माणूस सामान घेऊन उभा होता, त्याला ‘नाही’ म्हणणारं मात्र कुणीच नव्हतं.

दुसऱ्याच्या नावावर नकार देण्याच्या या सोयीवर विसाव्या शतकात ज्यांनी विचार केला त्यांच्यात फ्रेंच तत्त्वज्ञ इमॅन्युएल लेविनास मला सर्वांत कठोर वाटतो. १९०६ साली तेव्हाच्या रशियन साम्राज्यातल्या, आजच्या लिथुआनियातल्या कौनास गावी ज्यू घरात जन्म. पुस्तकांच्या दुकानदाराचा मुलगा. शिकायला फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला गेला, तिथून जर्मनीत फ्रायबुर्गला हुसेर्ल आणि हायडेगर या तत्त्वज्ञांच्या वर्गात बसला. हायडेगरने पुढे, १९३३ साली, नाझी पक्षाचं सभासदत्व घेतलं. लेविनास फ्रेंच नागरिक झाला, युद्धात फ्रेंच सैन्यात दुभाषा म्हणून गेला, १९४० मध्ये पकडला गेला आणि उत्तर जर्मनीतल्या युद्धकैद्यांच्या छावणीत युद्ध संपेपर्यंत राहिला. अंगावर फ्रेंच गणवेश होता म्हणून जीव वाचला. लिथुआनियातले आईवडील आणि भाऊ मारले गेले. बायको आणि लहान मुलगी फ्रान्समध्ये मित्रांच्या मदतीने लपून राहिल्या म्हणून हाती लागल्या नाहीत. युद्धानंतर त्याने जर्मनीत परत पाऊल टाकायचं नाही असं ठरवलं आणि पॅरिसमध्ये ज्यू मुलांची एक शाळा कित्येक वर्षं चालवली. ‘टोटॅलिटी अँड इन्फिनिटी’ हा त्याचा मोठा ग्रंथ १९६१ साली आला.

तुमच्या पाटीवर माणसं आणि पाळीव प्राणी एकाच ओळीत आहेत, म्हणून त्याने १९७५ साली लिहिलेल्या एका छोट्या लेखाची आठवण करून देते. छावणीतल्या ज्यू कैद्यांना वेगळं ठेवून जंगलात लाकूडतोडीला नेत असत. वाटेत गावातली मोकळी माणसं भेटत. बायका, मुलं. त्यांनी शिवीगाळ केली असं तो लिहीत नाही, कधीमधी कुणी मान वर करून बघत असे एवढंच. त्या बघण्यात आपली माणूस असल्याची कातडी सोलून निघत होती, असं त्याचं म्हणणं. मग कुठून तरी एक भटका कुत्रा छावणीत शिरला. कैद्यांनी त्याचं नाव बॉबी ठेवलं. सकाळी हजेरीला तो असे, संध्याकाळी कैदी परतले की उड्या मारत, भुंकत स्वागत करी. त्याच्या लेखी ती माणसं होती, यात त्याला शंकाच नव्हती. काही आठवड्यांनी पहारेकऱ्यांनी त्याला हाकलून लावलं. आमच्या सोसायटीत लिफ्टच्या दारात शेपूट हलवणारे दोन लॅब्रेडॉर आहेत. दोघेही मागच्या लिफ्टनेच जातात, आणि तिथे भेटणाऱ्या बायकांना पुढच्या लिफ्टमधल्या कुणाहीपेक्षा जास्त नावानिशी ओळखतात असा माझा अंदाज आहे.

लेविनासचा मुद्दा सोपा करून सांगायचा तर असा. तत्त्वज्ञानाने शतकानुशतकं समोरच्या माणसाला आधी जाणून घ्यायचं ठरवलं. तो कोण, कुठला, कुठल्या वर्गात बसतो, माझ्या जगाच्या नकाशात त्याची जागा कुठली. हे सगळं झालं की मग त्याच्याशी कसं वागायचं ते बघू. लेविनास हा क्रम उलटा करतो. समोर चेहरा आला त्या क्षणी मी त्याला बांधील झालेलो असतो, ओळख नंतर. मी कुठल्या करारावर सही केलेली नाही, त्याने माझं काही भलं केलेलं नाही, तो उद्या माझ्याशी कसा वागेल तेही माहीत नाही. बांधिलकी तरीही आहे आणि ती एकतर्फी आहे. आणि ती मला दुसऱ्या कुणाकडे सरकवता येत नाही. माझ्याऐवजी माझा नोकर, माझी बायको, माझी सर्वसाधारण सभा उत्तर देऊ शकत नाही. दारात ‘आधी तुम्ही’ म्हणून बाजूला होण्याइतकी छोटी सभ्यतासुद्धा जगात उरली आहे ती या बांधिलकीमुळे, असं त्याने लिहिलं आहे. लिफ्टच्या पत्रात त्याला आणण्याचं हे आणखी एक कारण.

चेहरा म्हटल्यावर तुम्हाला गेटवरचं ॲप आठवेल. हल्ली मोठ्या सोसायट्यांत प्रत्येक बाईचा फोटो, आधारचा नंबर, सहा आकडी कोड त्यात असतो. ती आत आली की आपल्या फोनवर टिंग वाजतं, बाहेर पडली की पुन्हा वाजतं. महिन्यात किती दिवस आली, किती वाजता, कुठकुठल्या फ्लॅटमध्ये, सगळं दिसतं. तिला तारेही देता येतात. एवढा चेहरा आपल्यापाशी जमा आहे आणि चेहऱ्याबद्दल लेविनास जे म्हणतो त्यातलं काही त्यात नाही. माणूस खऱ्या अर्थाने समोर येतो तेव्हा त्याच्या डोळ्यांचा रंगदेखील आपल्या लक्षात येऊ नये, असं तो एका मुलाखतीत म्हणाला होता. नाक, डोळे, कपाळ नोंदवून आपण चेहरा टिपतो. चेहरा आपल्याला काही मागत असतो तो भाग फोटोत येत नाही. बोट आणि चेहरा जुळला की दार उघडणारं यंत्र लॉबीत बसवायला ठरावाची गरज असते. बाई घामाघूम होऊन समोर उभी राहिली तर तिला पाणी विचारायला ठरावाची गरज नसते, आणि नेमकं तेच ॲपच्या कुठल्याही रकान्यात नाही.

इथे बरेच सभासद दुखावतील, कारण त्यांच्या घरी बाईला कुणी वाईट वागवत नाही. ‘आमच्याकडे त्या अगदी घरच्यासारख्या आहेत.’ माझं भांडण या वाक्याशी जास्त आहे. तिला नोंदवहीतली ओळ करून टाकणं हा एक प्रकार. तिला आपल्यात विरघळवून टाकणं हा दुसरा. घरच्यासारखी असलेल्या बाईचं नाव आपल्या फोनमध्ये ‘पोळ्या मावशी’ असतं, आधीची गेली असेल तर ‘पोळ्या नवीन’. तिचा चहाचा कप ओट्याखाली, काठ उडालेला, आणि तो चुकून वरच्या रॅकमध्ये गेला तर तो ती स्वतःच खाली ठेवते. घरच्यासारखी म्हटल्यावर आठवड्याची सुटी, ठरलेली रजा, दिवाळीचा बोनस हे तिला मागता येत नाही. घरचं माणूस का कधी हिशेब मागतं? महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा केला, तो ती कामगार आहे हे मान्य करून. आपण तिला मावशी केलं आणि कामगार असण्यातून सोडवलं.

आपल्याकडे यावर एक जुनं उत्तर तयार असतं. सर्वांभूती एकच आत्मा, परका असा कुणी नाहीच. ऐकायला उदात्त आहे आणि मीही त्यातच वाढले. तरी विचार करा. ज्या समाजात हे शेकडो वर्षं रोज म्हटलं गेलं त्याच समाजात गावकुसाबाहेर वस्ती होती. चोखोबांची भक्ती सगळ्यांना मान्य होती. तरी मंगळवेढ्याच्या कुसाचं बांधकाम करताना ती भिंत अंगावर कोसळून ते गेले असं परंपरा सांगते, आणि त्यांची समाधी पंढरपूरला देवळाच्या दाराबाहेर आहे. ते दार त्यांच्या माणसांना उघडायला १९४७ साल उजाडावं लागलं, साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. आत्मा एक असल्याने कुणाचं काही अडलं नाही. लेविनास अगदी विरुद्ध टोकाने येतो. समोरची व्यक्ती मी नाही, माझ्यासारखी असेलच असं नाही, तिच्या आयुष्याचा बहुतेक भाग मला कधीच कळणार नाही, आणि तिच्याशी नीट वागायला तो कळण्याची अटही नाही. मला हे आपल्या घरातल्या व्यवहाराला फार उपयोगी वाटतं. पोळ्या करायला येणारी बाई माझी मावशी नाही. तिला तिचं घर आहे, तिचे नातेवाईक आहेत, आपल्याबद्दलची मतं आहेत, आणि ती मतं ती बसथांब्यावर कुणाला तरी सांगत असणार. ती परकी आहे. पुढच्या लिफ्टवर तिचा हक्क आहे तो परकी म्हणूनच, आपलं मन मोठं आहे म्हणून नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाई, हे दोन माणसांपुरतं ठीक आहे, आम्हाला शेकडो कुटुंबं सांभाळायची आहेत. बरोबर आहे. म्हणूनच पत्र रहिवाशांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे. लेविनासला ही अडचण माहीत होती. जगात मी आणि समोरचा एवढेच असतो तर प्रश्न मिटला असता, पण तिसरा असतो, चौथा असतो, त्यांच्याशीही माझी तेवढीच बांधिलकी. मग तुलना करावी लागते, मोजावं लागतं, नियम, न्यायालयं, सरकार लागतं. तो नियमांच्या विरुद्ध नाही. त्याचं म्हणणं इतकंच की नियम चेहऱ्यांसाठी जन्माला आला आहे हे नियम चालवणाऱ्याने विसरू नये, विसरला की नियम क्रूर होतो आणि कुणाला क्रूर वाटतही नाही. तुमची खुर्ची नेमकी तिथे आहे. ज्या सभेत हा ठराव झाला तिथे पुढच्या लिफ्टने जाणारे सगळे हजर होते, मागच्या लिफ्टने जाणारं कुणीही नव्हतं. उपविधीत तशी सोयच नाही. सभासद फ्लॅटमालक असतो. म्हणजे त्यांच्या वतीने विचार करायचा तो खोलीत बसलेल्या कुणीतरीच, आणि अध्यक्षस्थानी तुम्ही होता.

कायदा काय म्हणतो असंही तुम्ही विचाराल. कायद्याने तुम्हाला पकडणं अवघड आहे, हे कबूल करून टाकते. संविधानाच्या १५व्या कलमात दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तलाव, घाट, रस्ते यांची नावं घेतली आहेत. खासगी सोसायटीची लॉबी त्यात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली अहमदाबादच्या एका गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सभासदत्व एका समाजापुरतं ठेवण्याचा उपविधी वैध ठरवला. सतराव्या कलमाने अस्पृश्यता कुठल्याही रूपात बंद केली, पण तुमच्या पाटीवर जातीचा शब्द कुठे आहे? नाहीच. फक्त एकदा मागच्या लिफ्टपाशी ताटकळणाऱ्यांची आडनावं आणि तळमजल्यावरच्या नामफलकावरची आडनावं शेजारी-शेजारी लिहून पाहा. कागद मग कुणाला न दाखवता फाडून टाका.

गृहनिर्माण सहकाराचा आपला आरंभही विसरू नये असा आहे. मुंबईत गावदेवीला १९१५ साली सारस्वत सोसायटी निघाली, श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने. कारवारच्या बाजूने आलेले ते लोक. बाहेरगावाहून आलेल्या मध्यमवर्गीय कुटुंबांना त्या शहरात धड जागा परवडत नव्हती, म्हणून एकमेकांच्या आधाराने त्यांनी घरं उभारली. ती एका समाजाची सोसायटी होती हेही खरं, आणि परक्या शहरात पाय टेकवायला केलेली धडपड होती हेही खरं. आज टॉवरमध्ये राहणाऱ्या किती जणांचे आजोबा चाळीच्या एका खोलीत पाच जणांत झोपत होते ते आपापल्या घरी विचारता येईल. ठाण्याला, पिंपरी-चिंचवडला, नाशिकला आपण बहुतेक सगळे कुणाच्या तरी मागून आलो आहोत.

लेविनासला मी डोक्यावर घेऊन नाचते आहे असं वाटू नये म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. सप्टेंबर १९८२ मध्ये बैरुतच्या साब्रा आणि शातिला भागांत पॅलेस्टिनी निर्वासितांची कत्तल झाली. मारणारे लेबनॉनमधले ख्रिस्ती सशस्त्र गट होते, परिसर इस्रायली सैन्याच्या ताब्यात होता. त्याच महिन्यात फ्रेंच रेडिओवर लेविनासला सरळ विचारलं गेलं की इस्रायली माणसासाठी ‘दुसरा’ म्हणजे सगळ्यांत आधी पॅलेस्टिनीच नव्हे का. जबाबदारीतून अंग काढून घ्यायला नको असं तो बोलला खरा, पण या प्रश्नाला त्याने हो म्हटलं नाही. शेजाऱ्याने शेजाऱ्यावर हल्ला केला तर कोण बरोबर, कोण चूक हे पाहावं लागतं, अशा वळणाने तो गेला. आयुष्यभर ज्याने परक्याचा चेहरा आधी, हिशेब नंतर असं शिकवलं, त्याने आपल्या दारापाशी आल्यावर हिशेब आधी काढला. अभ्यासक त्यावरून अजून वाद घालतात. मला त्यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की दूरच्या परक्याबद्दल आपलं मन सहज विशाल होतं. टीव्हीवरच्या निर्वासितांसाठी आपले डोळे भरून येतात. परका रोज सकाळी आपल्याच लॉबीत उभा राहतो तेव्हा विचार अडखळतो, तत्त्वज्ञाचासुद्धा. तुम्हाला तर दर महिन्याला कमिटीची मीटिंग आहे आणि पाण्याच्या टँकरचं बिल आहे.

तेव्हा मागणं फार नाही. येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा ठराव फेरविचाराला घ्या. त्या दिवशी सभेत सोसायटीत काम करणाऱ्यांपैकी चार जणांना बोलवा, मत देता आलं नाही तरी बोलता येईल. त्यांच्या कामाची वेळ सांभाळून सभा ठेवा, रविवारी सकाळी नऊ नको. मागची लिफ्ट सामान आणि ड्रमसाठी ठेवा, ड्रमची फेरी नऊनंतर सुरू करा. तळमजल्यावर ड्रायव्हर आणि बायकांसाठी एक स्वच्छतागृह असतं, बहुतेक ठिकाणी त्याला कुलूप असतं आणि किल्ली सुपरवायझरच्या खिशात. ते कुलूप काढा. वॉचमनच्या केबिनमध्ये पंखा चालतो का ते स्वतः जाऊन बघा. यातल्या कशालाच मेंटेनन्स वाढवावा लागणार नाही.

आणि सभेला पाटी ठेवायचीच असेल, तर लोकशाही आहे, ठेवा. फक्त ‘आदेशावरून’ हा शब्द काढा. ठरावाला सूचक असतो, अनुमोदक असतो, इतिवृत्तात दोघांची नावं असतात. ती दोन नावं, फ्लॅट क्रमांकासह, पाटीच्या खाली मोठ्या अक्षरांत छापा. बाजूने मत देणाऱ्या सगळ्यांची छापली तर आणखी चांगलं, भिंत मोठी आहे. ठरावाच्या बाजूने कुणी हात वर केला नसेल, तर तेही इतिवृत्तात तसंच लिहा.

कळावे,
आपली,
एक सभासद